झाकलेला जोड

मुंबईत एकेकाळी विलीस जीपची जुळणी होत असे. तसली एखादी जुनी जीप रात्री आलापल्ली-सिरोंच्याच्या अरण्यातून निघाली आणि दिवे गेले, तर? बॅटरी धड, बल्ब धड; मधल्या जोडाची पिन तेवढी मोडलेली, पावसाळी ओलीने हिरवी पडलेली.

तारा पिळून पट्टी गुंडाळली, की दिवा लागतो. पण गंज आतच राहतो, विजेला अडथळा होतो, जोड तापतो नि ऐन वाटेत दगा देतो. खरी दुरुस्ती म्हणजे काळवंडलेली तार कापून नवी पिन घट्ट बसवणे. वरून पट्टी दोन्हींची सारखीच!

मग लबाडी कळणार कोणाला? सज्जनहो, झाकणाऱ्या हाताला ती कळतेच. गाडीवाला विश्वासाने उघडून पाहत नाही. म्हणूनच तिथे खोटे करू नये.