सीट बसत नाही

आबांची राजदूत नव्याहून नवी झाली होती. चेसी सँडब्लास्ट करून शिरोली एमआयडीसीतून पावडर कोटिंग करून आणलेली, टाकीला काळा रंग, रिमांत तोंड दिसावं अशी चकाकी. सीट मात्र बसत नव्हती. उजवा बोल्ट आवळला की डावं भोक अर्धा इंच बाजूला जायचं. डावा ओढूनताणून लावला की सीट टाकीपाशी वर उचलली जायची.

विलासनं पहिली सीट दुकानदाराला परत पाठवली आणि फोनवर त्याला मनसोक्त सुनावलं. ‘डुप्लिकेट माल’ हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. दुसरी सीट दुसऱ्या दुकानातून मागवली, तिचंही तेच. आता दोन दुकानदार चोर ठरले. गावातल्या मेकॅनिकनं वॉशर घालून पाहिले, खाली रबर लावून पाहिलं, सीटच्या पत्र्यावर हातोडाही चालवला. शेवटी त्यानं कानस काढली.

“भोक जरा लांबवतो, साहेब. सीटच वाकडी हाय.”

“थांब,” आबा ओट्यावरून म्हणाले. “दोन दुकानांच्या दोन सीटा सारख्याच वाकड्या कशा निघतील?”

राजदूत म्हटलं की पुष्कळांना १९७३ च्या ‘बॉबी’तली ती बुटकी, खेळण्यासारखी गाडी आठवते. ती मिरवायची गाडी. एस्कॉर्ट्स कंपनीची साधी १७५ मात्र राबायची गाडी होती. पोलंडच्या एसएचएल मोटरसायकलवरून बेतलेली, टू-स्ट्रोक, तीन गिअरची. वेगाच्या नावानं आनंद, पण ओझ्याला नाही म्हणायची नाही. म्हणून ती दूधवाल्यांची झाली. मागे लोखंडी कॅरिअर ठोकायचं, दोन्ही अंगांना कॅन लटकवायचे. चाळीस लिटरचा कॅन भरला की नुसत्या दुधाचं वजन एक्केचाळीस किलोच्या आसपास जातं. असे दोन, आणि परतीला मधे पेंडीचं पोतं. आबांनी याच गाडीवर वाड्यावस्त्यांचं दूध संस्थेत घातलं आणि विलासला इंजिनिअर केलं. म्हणून तर त्याला ती पुन्हा उभी करायची होती, आणि तीही कारखान्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी.

आबांनी उद्यमनगरातल्या बापू मिस्त्रींना बोलावलं. बापूंचं सगळं आयुष्य अपघातात वाकलेल्या चेसी सरळ करण्यात गेलेलं. आले ते सीटकडे न बघता चहा प्याले आणि म्हणाले, “सगळं ढिलं कर. टाकी, मडगार्ड, सगळं. आवळलेल्या गाडीत दोष सापडत नाही, दडतो.”

विलासनं नाखुशीनं पाना घेतला. बापूंनी आधी सीटच्या भोकांत बोट घातलं. आट्यांत कोटिंगचा थर साचला होता. त्यांनी टॅप फिरवून तो साफ केला. बोल्ट आता सरळ जाऊ लागला, पण सीट होती तिथंच. मग टाकीखालची रबरं तपासली. ती ठीक होती. मग त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागच्या दोन्ही पाईपांवर आडवी फळी ठेवली आणि फळीवर गवंड्याची पाणसळ. बुडबुडा उजवीकडे पळाला.

“जमीन उतरती असेल,” विलास म्हणाला.

बापूंनी पाणसळ उचलून पुढं, टाकीखालच्या भागावर आडवी धरली. बुडबुडा मधोमध थांबला.

पुढचं काम मला फार आवडलं. वाकडेपण सापडलं म्हणून बापू लगेच हातोड्याकडे वळले नाहीत. ते कुठून सुरू होतं हे त्यांना हवं होतं. स्विंग आर्मच्या बोल्टपासून शॉकअपच्या वरच्या बोल्टापर्यंत त्यांनी दोन्ही बाजूंनी दोरी धरली. माप सारखं. म्हणजे शॉकअपपर्यंत चेसी निर्दोष, चाक आपल्या रेषेत, चालवायला धोका नाही. त्याच्या मागं मात्र डावा पाईप अर्धा इंच खाली बसलेला.

“आबा, फेरीला निघाल्यावर कुठला कॅन आधी भरायचा?”

“डावा. उजवा भरायला लागेपर्यंत निम्म्या वस्त्या व्हायच्या.”

“म्हणजे निम्मी फेरी एका अंगावर वजन. आणि रस्ते तेव्हाचे.”

“पण जुनी सीट बसत होती की!” विलास म्हणाला.

जुनी सीट आबांनी गोठ्याच्या माळ्यावर जपून ठेवली होती. रेक्झिन फाटलेलं, स्पंज उंदरांनी नेलेला, उरला होता तो पत्रा. बापूंनी तो उलटा केला. डावं भोक लांबट होतं. कोण्या काळी कोणीतरी कानशीनं ओढून वाढवलेलं, कडा आता गंजून गुळगुळीत झालेल्या. मेकॅनिक कानस घेऊन उभा होताच. त्यानं ती हळूच पिशवीत टाकली.

“सीट सगळ्यात शेवटी बसते,” बापू म्हणाले, “म्हणून आधीच्या सगळ्यांच्या चुका तिच्या माथी. तिनं बिचारीनं फक्त दाखवलं. रंगाला द्यायच्या आधी सीट, टाकी, मडगार्ड एकदा उघड्या लोखंडावर बसवून बघायचं असतं, बाळा. सगळं जुळलं की सुटं करायचं, मग रंग. तू वाकड्याला चकाकी आणलीस.”

विलास गप्प बसला. कोटिंगचा खर्च त्याच्या डोळ्यापुढं आला असावा. थोड्या वेळानं म्हणाला, “भोकच लांबवलं तर? चालवायला धोका नाही म्हणता ना.”

“नाही. चालेल. आबांनी चालवलीच की. पण मग तिला नवी म्हणू नको.”

आबांनी यावर मत दिलं नाही. गाडी त्यांची असली तरी हौस मुलाची होती, आणि पैसेही त्याचेच.

“करा सरळ,” विलास म्हणाला.

तापवून वाकवलं असतं तर काम सोपं होतं, पण आजूबाजूचा रंग जळून गेला असता. बापूंनी ते थंडच केलं. पाईपावर लांब नळी चढवली, खाली लाकडाचे ठोकळे देऊन जॅक लावला आणि घास भरवावा तसा एकेक दाब दिला. लोखंड सोडलं की थोडं मागं येतं, म्हणून हवं त्याच्या जरा पुढं नेऊन थांबायचं, पुन्हा फळी, पुन्हा पाणसळ. बुडबुडा मधे आला तेव्हा वाकाच्या जागी कोटिंगला तडे गेले होते आणि काळा पापुद्रा उडाला होता. तेवढी जागा घासून ब्रशनं रंगवायची ठरलं. दुसरी सीट ठेवली. दोन्ही बोल्ट बोटांनी फिरले, पाना शेवटच्या आवळणीलाच लागला.

बापूंनी मजुरी सांगितली ती सीटच्या निम्म्या किमतीचीही नव्हती. ते गेल्यावर विलासनं फोन काढला.

“शेठ, मी राजदूतच्या सीटवाला. तुमची सीट बरोबर होती.”

“मला ठाऊक होतं.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलू दिलंत?”

विलासनं घसा साफ केला. “ती सीट आहे का अजून?”

“विकली. परत आलेला माल पुऱ्या दरानं कसा विकू? डागी म्हणून निम्म्यात गडहिंग्लजच्या एका पोराला दिली. त्याचा फोन आला होता. म्हणाला, डाग कुठंय ते सांगा, मला सापडेना.”

“राहिलेले निम्मे किती झाले, सांगा. आजच पाठवतो.”

शेठनं आकडा सांगितला. विलासनं तो लिहून घेतला आणि लगेच दुसऱ्या दुकानदाराचा नंबर लावला.