छातीतील पहारेकरी

मरण केव्हा यावे याची चिंता मनुष्याने करू नये, असे आपले पूर्वज मानीत आले. त्यांच्या या समाधानाचे एक कारण असे की, दारात आलेल्या मरणास अडविण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. आज ते साधन निघाले आहे, आणि त्याबरोबर एक प्रश्नही घरात आला आहे: ज्याला मरण अडविता येते त्याने ते कोठवर अडवावे?

डॉक्टर मिरोव्स्की यांचे एक वरिष्ठ सहकारी १९६६ साली हृदयाची गती बिघडून वारले. जन्मभर कोणास रुग्णालयात ठेवता येत नाही; तर मग विजेचा झटका देऊन हृदय ताळ्यावर आणणारे यंत्रच रोग्याच्या शरीरात का बसवू नये, या विचाराने त्यांना पछाडले. थोर हृदयतज्ज्ञांनीही या कल्पनेस विरोध केला. तथापि फेब्रुवारी १९८० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ते यंत्र प्रथम मनुष्याच्या शरीरात बसले. त्यास डिफिब्रिलेटर म्हणतात. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत लहानशी डबी, आणि तिच्यापासून शिरेतून हृदयापर्यंत गेलेली तार, एवढाच त्याचा संसार. प्रत्येक ठोका ते मोजते आणि घातक गती दिसताच काही क्षणांत झटका देते. अनेकांचे प्राण त्याने परत आणले आहेत, हे निर्विवाद होय.

परंतु पहारेकरी कितीही इमानी असला तरी चुकतो. निरुपद्रवी धडधड घातक समजून ते केव्हा केव्हा शुद्धीवर असलेल्या माणसास झटका देते. तो छातीवर लाथ बसावी तसा लागतो. तार तुटते वा सरकते, डबीच्या जागी पू होतो, काही वर्षांनी बॅटरी संपून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. शिरूर तालुक्यातील न्हावऱ्यासारख्या उसाच्या गावी राहणाऱ्या शेतकऱ्यास हे यंत्र बसले आहे असे समजू. वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून त्याने दूर राहावे, मोबाइल छातीवरच्या खिशात ठेवू नये, हे पथ्य तो पाळील. पण पुढचा झटका केव्हा बसेल या भीतीने एकट्याने मळ्यात जाणेच त्याने सोडले, तर यंत्राने राखलेल्या आयुष्यातील केवढा भाग भीतीने खाल्ला! तथापि अशा भीतीच्या भरात यंत्र बंद करण्याचा निश्चय कोणी करू नये; चुकीचे झटके बहुधा यंत्राची मांडणी बदलून व औषधांनी कमी करता येतात.

खरा धर्मसंकटाचा प्रसंग निराळाच. तोच शेतकरी पुढे कर्करोगाने अंथरुणास खिळला, शेवट जवळ आला, हृदयाची गती निसर्गक्रमाने विस्कटू लागली. यंत्रास हे कोठून कळावे? ते आपले काम करते, आणि मुलांच्या देखत मरणाऱ्या बापास झटक्यामागून झटके बसतात. हे टाळण्यास चाकूसुरी लागत नाही. बाहेरून आज्ञा देऊन केवळ झटक्याचे काम डॉक्टर थांबवू शकतात. मंद नाडीस आधार देण्याचे काम चालू राहते. अडचणीच्या वेळी छातीवर विशिष्ट लोहचुंबक ठेवूनही झटके तात्पुरते रोखता येतात.

"पहारेकऱ्यास काढून टाकले आणि मग चोरी झाली, तर दोष कोणाचा?" असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, झटका थांबविल्याने हृदय थांबत नाही. यंत्र नसते तर तो मनुष्य जसा जगला असता तसाच तो जगतो, आणि नेतो तो रोगच. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनार येथे हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न व औषध वर्ज्य केले, आणि १५ तारखेस देह ठेवला. त्यांस नकार तोंडाने देता आला. छातीतील यंत्रास मात्र कान नाहीत. त्यास नकार आधीच कळवावा लागतो.

जगविणारे उपचार नाकारण्याची इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली, आणि २०२३ च्या जानेवारीत ती रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून ती प्रमाणित करता येते. मात्र इच्छा रोग्याचीच हवी. खर्चास वा सेवेस कंटाळून आप्तांनी ती त्याच्या तोंडी घालणे हे पाप होय.

आपल्या घरांत मरणाचा विषय काढणे अशुभ मानतात. पण ज्या यंत्राची आठवण चितेपूर्वीही ठेवावी लागते, कारण आगीत त्याची बॅटरी फुटते आणि म्हणून ते आधी काढावे लागते, त्याच्याविषयी मौन बाळगून कसे चालेल? न्हावऱ्याच्या घरी शेवटच्या रात्री तज्ज्ञ मिळेलच असे नाही. म्हणून हा पहारेकरी घरात घेतानाच, त्यास रजा केव्हा द्यावयाची हे रोग्याने, डॉक्टरने व मुलांनी एकत्र बसून बोलून ठेवावे. अशा बोलण्याने मरण लवकर येत नाही. ते आले म्हणजे बाप वेदनेत आणि मुले पश्चात्तापात पडत नाहीत, इतकेच.