गोळी न सुटलेला सोमवार

९ ऑक्टोबर १९८९. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरात, संत निकोलस चर्चमधली सोमवारची शांतिप्रार्थना संपली आणि माणसं मेणबत्त्या घेऊन बाहेर पडली. मेणबत्ती विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरावा लागतो. मग दगड उचलायला हात मोकळा राहत नाही. त्या संध्याकाळी सुमारे ७०,००० माणसं राजवटीविरुद्ध रस्त्यावर होती. तीनच दिवसांपूर्वी स्थानिक वर्तमानपत्रात 'वेळ पडली तर शस्त्रही उचलू' अशी उघड धमकी छापून आली होती. जूनमध्ये बीजिंगला आंदोलकांवर रणगाडे फिरले, तेव्हा पूर्व जर्मनीच्या संसदेने ठराव करून चिनी सरकारची पाठराखण केली होती. आज आपलंही तसंच होईल, ही भीती खोटी नव्हती.

पूर्व युरोपातली साम्यवादी राजवट कशाने कोसळली, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. आर्ची ब्राऊन सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याकडे बोट दाखवतात. स्टीफन कॉटकिन म्हणतात, पश्चिमेच्या कर्जात बुडालेले सत्ताधारीच आतून पोखरले गेले होते. बँकेवर ठेवीदारांची झुंबड उडावी तशी त्यांची पत एकाएकी गेली. अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांचा मुद्दा मला सर्वांत खोल वाटतो. प्रत्येकजण मनातलं मत लपवून जगत होता, त्यामुळे आपल्यासारखे किती आहेत हे कुणालाच कळत नव्हतं. काहीजण उघडपणे उभे राहिले आणि बाकीच्यांना आपली संख्या दिसली.

यातलं एकही स्पष्टीकरण मी टाकून देणार नाही. पण 'हे कधीतरी होणारच होतं' असं कुणी सहज म्हणून जातं, तेव्हा मला त्रास होतो. या राजवटींच्या डोक्यावर कर्ज होतं, हे खरं. पण कर्जबाजारी राजवटीलाही गोळ्या झाडता येतात. लाइपझिगमध्ये संगीतसंचालक कुर्ट माझूर, सत्ताधारी पक्षाचेच तीन जिल्हा सचिव, एक धर्मशास्त्रज्ञ आणि एक विनोदी कलावंत अशा सहाजणांनी शांततेचं आवाहन लिहिलं आणि ते शहरभरच्या ध्वनिक्षेपकांवरून ऐकवलं गेलं. पक्षाच्या त्या तिघांनी वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. पूर्व जर्मनीत तैनात असलेले सोव्हिएत सैनिक बराकीत राहिले. पोलीस मागे हटले.

शेवट ठाऊक असलेल्या माणसाने हा इतिहास लिहिताना, शेवट ठाऊक नसलेल्यांची ती संध्याकाळ पुसू नये. त्या रात्री लाइपझिगमध्ये एकही गोळी सुटली नाही. बरोबर महिन्याने, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली.