संशय, साक्ष आणि न्याय



मदीनेत एका घरातून चिलखत चोरीस गेले. चोर स्वतःला मुस्लिम म्हणवणारा होता. त्याने आळ एका यहुदीवर घातला आणि त्याचे कुळ त्याच्या पाठीशी उभे राहिले. भाष्यकार सांगतात की, सूरह निसाच्या १०५ व्या आयतीपासूनचा भाग याच प्रसंगी अवतरला आणि तो यहुदी निर्दोष ठरला. विश्वासघातक्यांचा कैवार घेऊ नये, ही ताकीद खुद्द प्रेषितांना (स.) देण्यात आली.

‘ते लोक तसेच’ असे एकदा मनाने ठरवले, की त्या समजुतीला दुजोरा देणारे तेवढेच डोळ्यांना दिसते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून या रोगाला कायद्याचे रूप दिले. मूल जन्मतःच संशयित ठरले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, संशय मात्र उरला.

नाशिकजवळ २००३ मध्ये दरोडा, बलात्कार व हत्येचा भीषण गुन्हा घडला. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी स्त्रीने छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या. त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. गेलेली वर्षे कोण देणार?

मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेले आपले तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. ते दुःख आपण विसरलेलो नाही. मग जालना जिल्ह्यात आपल्याच गावाबाहेर पारध्यांची पाले पडतात आणि एखाद्या रात्री विहिरीवरची मोटार चोरीला जाते, तेव्हा आपले पहिले बोट कोणाकडे वळते? एखाद्या समाजाविषयीचा राग आपल्याला न्यायापासून ढळवू नये, असे सूरह माइदा (आयत ८) शिकवते. ती शिकवण आपल्यावरील अन्यायापुरती नाही.

म्हणून डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणाचे नाव घेऊ नये. न पाहिलेल्या पंचनाम्यावर सही करू नये. तीही शहादत आहे, आणि खोटी साक्ष महापापांत मोजली गेली आहे. मुलांसमोर एखाद्या जातीला चोर म्हणू नये.

अल्लाह आपली मने संशयापासून निर्मळ करो आणि आपल्या जिभेवर न्याय ठेवो. आमीन.