नाणेघाटचा रांजण

जुन्नरहून पश्चिमेस घाटघरच्या वाटेने गेले म्हणजे सह्याद्रीच्या कड्यापाशी नाणेघाट लागतो. कोकणातील बंदरांचा माल ज्या वाटेने देशावर चढून येत असे, ती ही वाट. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीचे नाणे टाकल्यावाचून व्यापाऱ्याचा बैल पुढे जात नसे, अशी परंपरागत समजूत आहे. जवळच्याच गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञप्रसंगी दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणे यांचे आकडे त्यात कोरलेले असून भारतीय अंकलेखनाच्या अतिप्राचीन पुराव्यांत त्यांची गणना होते.

हे स्थळ पाहताना एक गोष्ट आमच्या मनात नेहमी येते. राणीने दिले ते दगडावर कोरले गेले. वाटसरूने रांजणात काय टाकले याचा मात्र कोठे उल्लेख नाही. जुन्नरच्या लेण्यांतही धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके अर्पण केल्याचा लेख आहे. पण त्याच मंडळींनी घाटावर जकात किती भरली, हे कोणी सांगावे? दानाला साक्षीदार हवा असतो आणि कराला पहारेकरी लागतो, असा जगाचा पूर्वापार समज आहे. तेव्हा जेथे पहारेकरी नाही अशा रांजणापाशी मनुष्याने कसे वागावे, या प्रश्नाचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. प्रश्न जुना आहे. परंतु दरवर्षी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना तो आपणां सर्वांपुढे नव्याने येऊन उभा राहतो.

आपल्या देशात एकाच माणसाच्या मिळकतीकडे दोन सरकारे पाहतात, एक राज्याचे व दुसरे केंद्राचे. महाराष्ट्रात नोकरदाराच्या पगारपत्रकात अकरा महिने २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसायकर म्हणून वजा झालेले दिसतात, तो राज्याचा वाटा. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला वर्षास २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. त्यामुळे साधा कारकून आणि मोठ्या कारखान्याचा व्यवस्थापक हे निदान या एका ठिकाणी तरी सारखे ठरतात. १९७२ च्या दुष्काळातून जी रोजगार हमी योजना उभी राहिली, तिच्या खर्चासाठी १९७५ साली राज्याने हा कर बसविला. पगारदाराला तो स्वतः मोजावा लागत नाही आणि चुकविताही येत नाही. ज्या व्यवहारात असत्याला जागाच नाही, त्यात सत्याची परीक्षाही होत नाही. म्हणून व्यवसायकर आम्ही येथेच सोडून देतो.

केंद्राच्या प्राप्तिकराची गोष्ट वेगळी. १८५७ च्या उठावाने सरकारी खजिन्यावर जो बोजा पडला, तो हलका करण्यासाठी जेम्स विल्सन याने १८६० साली हा कर प्रथम आणिला. पुढे १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले. कारण उघड होते : शेतकरी शेतसारा आधीच भरीत होता, आणि तो हलका नव्हता. याच पुणे जिल्ह्यात प्रिंगलसाहेबांनी जमिनीचा कस, पीक व खर्च यांचा अत्यंत बारीक हिशेब मांडून सारा ठरविला होता. हिशेब बारीक होता, पण त्याच्या मुळाशी असलेले आकडेच खोटे निघाले; रयत नागवली गेली, आणि १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापुरापासून नवी मोजणी करावी लागली. गणित कितीही चोख असले तरी त्यात घातलेला पहिला आकडा खरा नसेल तर उत्तर अन्यायाचेच येते, हा धडा या जिल्ह्याने तेव्हाच घेतला आहे.

१९३५ च्या कायद्याने शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांकडे गेला आणि राज्यघटनेनेही तो राज्यांकडेच ठेविला. महाराष्ट्रात आज शेतकऱ्याकडून असा कर घेतला जात नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने शेतीचे उत्पन्न करमुक्त मानिले. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यानेही तेच धोरण ठेविले आहे. येथवर सर्व सोपे आहे. तिढा पडतो तो ज्याचा एक पाय शेतात व दुसरा कचेरीत आहे त्याच्यापाशी. आणि जुन्नर-आंबेगावच्या सुशिक्षित कुटुंबांत असा मनुष्य घरोघरी आढळतो.

१९७२ साली प्राध्यापक के. एन. राज यांच्या समितीने या तिढ्याकडे लक्ष वेधिले आणि १९७३ पासून कायद्यात एक तोड निघाली. शेतीच्या उत्पन्नावर कर घ्यावयाचा नाही. मात्र ते पाच हजारांहून अधिक असेल व त्या मनुष्याचे दुसरे उत्पन्नही करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर दुसऱ्या उत्पन्नाचा दर ठरविताना शेतीची मिळकत ध्यानात घ्यावयाची. २०२५-२६ या वर्षाच्या नव्या कररचनेतील दरांनी एक गोल आकड्यांचे उदाहरण करू. एका प्राध्यापकाचा पगार ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन १५,००,००० रुपये उरतो. पहिल्या चार लाखांस कर नाही. पुढील चार लाखांस शेकडा ५ प्रमाणे २०,०००, त्यापुढील चार लाखांस शेकडा १० प्रमाणे ४०,०००, उरलेल्या तीन लाखांस शेकडा १५ प्रमाणे ४५,००० : एकूण १,०५,०००. शेकडा ४ चा उपकर मिळवून १,०९,२०० रुपये होतात.

आता या गृहस्थांस शेतीचे ५,००,००० रुपये मिळाले असे धरा. दोन्ही मिळून वीस लाखांवर कर काढला तर तो २,००,००० येतो. त्यातून शेतीचे पाच लाख व करमुक्त चार लाख अशा नऊ लाखांवरील कर, म्हणजे ३०,०००, वजा करावयाचा. उरले १,७०,०००, उपकरासह १,७६,८००. म्हणजे ज्या शेतीला कर नाही, तिचा एक आकडा खरा लिहिल्याने ६७,६०० रुपये अधिक द्यावे लागतात.

हा अन्याय आहे काय? प्रथमदर्शनी तसे वाटते. परंतु कायदा येथे एवढेच म्हणतो की, वीस लाखांच्या मनुष्याने आपण पंधरा लाखांचे आहो असे समजून शिडीच्या खालच्या पायरीवर उभे राहू नये. ज्याचे सर्व पोट शेतीवर आहे त्याला ही तोड शिवतही नाही. टोमॅटोचा भाव पडून माल रस्त्यावर ओतण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याचे दुःख पुढे करून पगारदार बागायतदाराने स्वतःचा आकडा झाकावा, यात करुणा नाही. दुसऱ्याच्या फाटक्या घोंगडीखाली आपली शाल लपविण्यासारखेच ते आहे.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, एकच शेत एकाला लपवावेसे वाटते व दुसऱ्याला दाखवावेसे वाटते. पगारदार आपली खरी शेती सांगत नाही, कारण तिने दर चढतो. आणि ज्याच्यापाशी अन्य मार्गाने आलेला पैसा असतो, तो न पिकलेली द्राक्षे कागदावर पिकवितो, कारण शेतीला कर नाही. शेती कशाला म्हणावे हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली राजा विनयकुमार सहस राय यांच्या खटल्यात सांगितले आहे : नांगरणी, पेरणी अशी जमिनीवर मनुष्याच्या श्रमाने होणारी मूळ कामे हवीत. त्यामुळे कोंबड्या पाळणे, दूध विकणे यांचे उत्पन्न शेतीचे नव्हे. पण न्यायालयाने व्याख्या कितीही रेखीव केली तरी वाफ्यात खरोखर काय उगवले, हे शेताच्या धन्यालाच ठाऊक असते.

आम्ही हे केवळ दुसऱ्यांस उपदेश म्हणून लिहीत नाही. मंचरच्या पूर्वेस आमचीही थोडी वडिलार्जित जमीन आहे. चुलतबंधू ती वाट्याने करतात आणि पीक निघाले म्हणजे आमचा वाटा आणून देतात. उसाचे बिल बँकेत जमा होते, त्याची नोंद राहते. परंतु भाजीपाल्याचा पैसा हातोहात येतो. एके वर्षी आम्ही त्यांच्याजवळ आडत्याच्या पट्ट्या मागितल्या, तेव्हा ते हसून म्हणाले, "दादा, पट्ट्या कशाला हव्यात? शेतीला कुठं कर असतो?" आम्हीही तोवर असेच समजत होतो आणि शेतीच्या रकान्यात शून्य लिहीत होतो. खरा नियम कळला तेव्हा आमचे अज्ञान संपले, आणि अडचण तेथूनच सुरू झाली. नकळत लिहिलेले शून्य ही चूक होती; त्यानंतर लिहिले जाणारे शून्य ही चूक राहणार नव्हती. त्या रात्री विवरणपत्र तसेच ठेवून आम्ही झोपलो, ही गोष्ट कबूल केली पाहिजे.

मन अशा वेळी मोठे वकील होते. पहिला युक्तिवाद : कोट्यधीश बुडवितात, मग आम्हीच का द्यावे? दुसरा : दिलेला पैसा नीट खर्च होतो कोठे? तिसरा, व सर्वांत गोड : शेत आमचे, घाम आमच्या भावाचा, पाऊस देवाचा, यात सरकारचे काय आहे? पहिल्या दोहोंचे उत्तर कठीण नाही. दुसऱ्याच्या असत्याने आपले असत्य धुऊन निघत नाही. आणि खर्चाविषयी जाब विचारण्याचा अधिकार ज्याने आपला वाटा दिला आहे त्यालाच शोभतो. तिसऱ्या युक्तिवादाचे उत्तर मात्र आम्हांस पुस्तकात सापडले नाही. ते शेताच्या बांधावरच मिळाले.

आमच्या शेतास पाणी येते ते घोड नदीवरील डिंभे धरणाचे. कुकडी प्रकल्पातील या धरणाने पूर्वेकडील कोरडी माळराने हिरवी केली. परंतु ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळाले, ते मूळ गाव त्याच जलाशयाखाली गेले; तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो आणि नाव मात्र बुडालेल्या गावाचे चालते. पश्चिमेच्या खोऱ्यांतील महादेव कोळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. हिरडा गोळा करून व डोंगरउतारावर भात लावून राहणाऱ्या या लोकांना प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. 'हे लोक कर देत नाहीत' असे त्यांच्याविषयी सहज बोलले जाते. आमच्या मते या तालुक्यातला सर्वांत जड कर त्यांनीच भरला आहे. तो कोणत्याही रकान्यात येत नाही, त्याची पावती नाही, नागनिकेच्या लेखासारखा तो कोणी दगडावर कोरलाही नाही. आमच्या वाट्याच्या पट्टीत त्यांच्या बुडालेल्या खाचरांचा अंश आहे, हे एकदा ध्यानात आल्यावर 'शेत आमचे' हे शब्द पूर्वीइतक्या मोठ्याने उच्चारवत नाहीत.

आणखी एक प्रसंग आठवतो. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला व दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. गाव नाहीसे झाल्याचे प्रथम ध्यानात आले ते त्या वाटेने गेलेल्या एस. टी. च्या चालकाच्या. ती गाडी राज्याच्या महामंडळाची होती. पाठोपाठ राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान चिखल उपसण्यास आले. ते दल केंद्राचे. २०१७ मध्ये नवे माळीण उभे राहिले. त्या दिवशी राज्याचा कर कोणता व केंद्राचा कोणता, हे कोणी विचारिले नाही. गेलेली माणसे करांनी परत येत नाहीत, हे खरे. परंतु एका खोऱ्याच्या आक्रोशाला दूरवरून माणसे धावून येतात, त्यामागे कोणा अनोळखी मनुष्यांनी आपल्या रकान्यात लिहिलेले खरे आकडे असतात.

कायदाही येथे अगदी निर्दय नाही. मागचे चुकले असेल तर अद्ययावत विवरणपत्र भरण्याची सोय २०२२ पासून झाली असून २०२५ साली तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढविली आहे. मूळ कर व व्याज यांवर अधिकचा भार मात्र द्यावा लागतो : पहिल्या वर्षात शेकडा २५, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७०. प्रायश्चित्त जितके लांबवावे तितके ते महाग होते, हे धर्मशास्त्राचे तत्त्व अर्थखात्यानेही ओळखले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. आम्ही चुलतबंधूंकडून जुन्या पट्ट्या शोधून आणविल्या. काही सापडल्या, काही उंदरांनी खाल्ल्या होत्या. त्या ठिकाणी आठवणीने, आणि शक्य तो स्वतःच्या विरुद्ध बाजूने, आकडा धरिला. रक्कम भरली तेव्हा विशेष पुण्य घडले असे वाटले नाही. पैसे गेल्याचे वाईटच वाटले. एवढेच की त्या वर्षी शेतावर गेलो असता पाटाच्या पाण्याकडे पाहावयास संकोच वाटला नाही.

नाणेघाटच्या रांजणापाशी आज कोणी पहारेकरी नाही. पावसाळ्यात तेथे ढग उतरतात आणि सहलीची मंडळी छायाचित्रे काढतात. आमच्यापुढचा रांजण मात्र अजून भरावयाचाच आहे. त्यात पडणारे सर्वच आपल्या खुशीचे असते असे नाही; पगारातून कापले जाते ते कापणाऱ्याच्या हाताने पडते. परंतु शेतीच्या रकान्यातला तो एक आकडा असा आहे, की तो टाकणारा मनुष्य आणि त्याचा पहारेकरी हे दोघे एकच असतात. चुलतबंधू हल्ली पट्ट्या एका जुन्या डब्यात जपून ठेवितात. कर कशाला असतो, हे त्यांनी पुन्हा विचारिले नाही. यंदा जाऊ तेव्हा आम्हीच होऊन त्यांना डिंभ्याच्या पाण्याची हकीकत सांगणार आहो.