हा कार्यक्रम चालणार नाही

बसा. मोबाइल बाकाखाली नको, बॅगेत.

नव्या मुलांच्या स्वागताचा कागद काल माझ्या टेबलावर ठेवून गेलात, तो वाचला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्राचार्यांचं मनोगत, उपप्राचार्यांचं मनोगत, संस्थेच्या इतिहासाची चित्रफीत, अल्पोपाहार, 'ज्युनियर्सची फिरकी' आणि संध्याकाळी डीजे. सकाळी दहापासून नवीन मुलानं तोंड उघडायचं ते फक्त समोसा खायला. थर्ड इयरला आलेल्या मुलांनी डोकं लावून हे ठरवलं?

'मागच्या वर्षी असंच होतं' हे मला ऐकवू नका. मागच्या वर्षी असंच होतं म्हणूनच यंदा काम तुमच्याकडे दिलं. ज्यांना चटके बसलेत ते तरी शहाणपणानं आखतील, असं वाटलं होतं. पहिल्या सेमिस्टरला एटीकेटी कुणाकुणाला लागली ते मला पाठ आहे, नावं घेत नाही. विषय कच्चा होता म्हणून लागली का? इंटर्नलमध्ये वेगळं पास व्हावं लागतं हे तुम्हाला कळलं तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. आणि तेच ज्ञान आता दुसऱ्याला उशिरा मिळावं अशी व्यवस्था करताय, वर फुग्यांची कमान!

यूजीसीनं 2019 मध्ये 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. इंजिनिअरिंगवाल्यांना तर त्याआधीच तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम सांगितलेला आहे; साधारण 20 मुलांच्या गटामागे एक शिक्षक, जोडीला सीनियर विद्यार्थी. तीन आठवडे अशासाठी, की मूल एका सकाळी रुळत नाही. आपल्याकडे त्याचं काय होतं? एक सभागृह, एक बॅनर, चार फोटो आणि अहवाल. शिक्षकांना काय सांगायचं ते मी स्टाफरूममध्ये सांगेन, त्याची काळजी तुम्ही करू नका. पण सीनियर म्हणून तुमच्या वाट्याचं काम तुमचंच आहे.

कोण येतंय ते तरी पाहिलंत का? कुणी किनवटहून, कुणी धडगावहून, कुणी आटपाडीहून. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा, बारावीपर्यंत मराठी माध्यम. अशी मुलगी मागच्या बाकावर बसते आणि काही विचारत नाही, कारण विचारलं तर इंग्रजीत विचारावं लागेल असं तिला वाटतं. कला शाखेचा पेपर मराठीत लिहिता येतो हेही तिला माहीत नसतं. इंग्रजी नोट्स घोकत बसते. माइकवरून 'काही शंका?' असं दोनशे जणांसमोर विचारलंत तर ती हात वर करील? तुम्ही केला होतात?

महाडीबीटीचंच घ्या. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं, उत्पन्नाचा दाखला लागतो. भाषणात सांगितलं की माना डोलतात, मुदत संपायच्या आठवड्यात रडारड होते. म्हणून तिला कॉम्प्युटर लॅबमध्ये न्या, शेजारी बसा, माउस तिच्या हातात द्या. कागद कमी पडला तर तिथूनच घरी फोन लावायला सांगा, भाऊ सेतू केंद्रात जाऊन येईल. तुम्ही भरून देऊ नका. पुढच्या वर्षी नूतनीकरण तिलाच करायचंय.

ग्रंथालय दारातून बोट करून दाखवायचं नसतं. प्रत्येकानं त्याच दिवशी स्वतःच्या नावावर एक पुस्तक काढलं पाहिजे. कोणतं ते मी विचारणार नाही, रहस्यकथा काढली तरी चालेल. क्रेडिट समजावताना फळ्यावर व्याख्या लिहू नका. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास शिकवणं, एवढं सांगा, वेळापत्रक हातात द्या आणि हिशोब त्यांनाच मांडू द्या. चुकेल, चुकू दे.

तुमच्या कागदावर कर्मवीरांच्या फोटोला हार आहे. 'कमवा व शिका' योजनेचा अर्ज कुठे मिळतो, ते मात्र नाही. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, आपली कामं आपणच करत. बरोबर भाकऱ्या थापणाऱ्यांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नाही. तुम्ही मात्र मुलांना रांगेनं खुर्च्यांवर बसवून पुढच्याच्या टाळूकडे बघायला लावणार, आणि कागदावर त्याला म्हणणार 'परस्परसंवाद'.

आता ती फिरकी. त्यावर हसू नका. स्टेजवर बोलावून नाचायला लावणं, गावाकडच्या बोलीची नक्कल करायला लावणं, यात गंमत फक्त करणाऱ्याला असते. आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून काढलं जातं ते वेगळंच. प्रवेश घेताना तुम्ही आणि तुमच्या आईवडिलांनी हमीपत्र भरलंय. वाचून भरलं असेल अशी आशा. तो मुद्दा खोडा. आत्ता, माझ्यासमोर.

आणि एका दिवसात उरकायचं खूळही सोडा. पहिला आठवडा लॅब आणि ग्रंथालय. पुढे महिनाभर दर शनिवारी आपल्या गटाला अर्धा तास भेटायचं, झाडाखाली, कॅन्टीनमध्ये, कुठेही. जो दोन शनिवार आला नाही त्याच्या खोलीवर जायचं. आजारी असेल, घरी परत गेला असेल, नुसता घाबरला असेल; कारण मला कळलं पाहिजे. प्राचार्यांचं मनोगत पाच मिनिटं ठेवा, त्यांच्याशी मी बोलते.

प्रवेशाची यादी ऑफिसात तयार आहे. प्रत्येकानं दहा नावं घ्यायची, आपल्या तालुक्यातली नकोत. आज संध्याकाळपर्यंत दहाही जणांना फोन झाला पाहिजे. मेसेज नाही, फोन. उठा.