पश्चात्ताप आणि मनपालट

काष्टीच्या आठवडेबाजारात एखाद्याने बैलाची खोड लपवून तो विकला, पैसे कनवटीला लावले, आणि आषाढीला चंद्रभागेत उभे राहून घळाघळा रडला, तर त्याचे ते पाप गेले की राहिले? गळ्यात माळ असलेल्या माणसाला हा प्रश्न टाळून चालत नाही. पाप केल्यावर वाईट वाटते हे खरे, पण वाईट वाटणे म्हणजेच पश्चात्ताप काय?

याचे उत्तर शोधताना आम्ही जरा शेजारच्या अंगणात डोकावणार आहोत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदबाबांना संत म्हणून डोक्यावर घेणाऱ्या तालुक्याला त्याचे नवल वाटू नये.

काष्टीहून भीमेचा पूल ओलांडला की दौंड, आणि तिथून पुण्याच्या वाटेवर केडगाव. (नगरजवळचे केडगाव ते निराळे.) इथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभे केले. पुराणिक अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक, आईबापांबरोबर तीर्थे पायी फिरलेली, संस्कृतात मुरलेली. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. पुढे ग्रीक व हिब्रू शिकून त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत उतरविले. १९२२ साली त्या वारल्या; ग्रंथ पुरा छापून निघाला तो १९२४ साली. धर्म कोणताही असो, एका शब्दासाठी मूळ भाषेपर्यंत जाण्याचे हे कष्ट मानलेच पाहिजेत.

असे कष्ट मागणारा एक शब्द त्या ग्रंथात आहे: मेटानोइया. मराठी बायबलात त्या जागी बहुधा 'पश्चात्ताप' येतो. आता गंमत पाहा. 'मेटा' म्हणजे मागाहून, तसेच पालटून. इथवर 'पश्चात्'शी त्याचे जुळते. पण पुढे आपल्या शब्दात 'ताप' आहे, नि ग्रीक शब्दात 'नूस', म्हणजे मन, बुद्धी. आपला शब्द पोळल्याचे सांगतो, त्यांचा मन फिरल्याचे. लॅटिनात तो गेला तेव्हा त्याला प्रायश्चित्ताचा वास लागला. १५१६ साली इरॅस्मस पंडिताने मूळ ग्रीक पाठ छापून काढला, आणि पुढच्याच साली लूथरने आपले पहिलेच कलम या शब्दावर लिहिले: ही एका दिवसाची क्रिया नव्हे, अवघ्या जन्माची आहे. एका शब्दापायी युरोपात केवढे रण माजले!

त्याच ग्रंथात यहूदा नावाचा शिष्य आहे. गुरूला पैशासाठी धरून दिल्यावर त्याला पस्तावा झाला, त्याने नाणी फेकून दिली आणि गळफास घेतला. तिथे मत्तयाने मेटानोइया वापरलेला नाही; खंत दाखविणारा दुसरा शब्द घातला आहे. ताप भरपूर झाला, पण मन देवाकडे वळले नाही. उलट योहान नावाचा साधू नदीकाठी लोकांना मन पालटा म्हणून सांगत होता. जकातदारांनी त्याला विचारले, आम्ही काय करावे? तो रडा म्हणाला नाही. ठरल्याहून जास्त घेऊ नका, एवढेच म्हणाला.

हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. नामाच्या बळावर पाप करणे हा दहा नामापराधांतला एक आहे, हे कीर्तनात आपण ऐकतोच. एकादशी येतेच आहे, तेव्हा धुऊन निघेल, असा हिशेब ज्याच्या मनात आहे त्याचे मन पालटलेले नाही. त्याने फक्त धुण्याचा दिवस ठरविला आहे.

पण म्हणून डोळ्यांतले पाणी आम्ही हलके लेखत नाही. लोखंड तापल्याशिवाय वाकत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की तापवून तसेच ठेवले तर ते पुन्हा जुन्याच आकारात थंड होते.

मग बैलवाल्याचे काय? घेणारा ठाऊक असेल तर त्याच्याकडे जावे, खोड सांगावी, फरकाचे पैसे द्यावेत. हे चंद्रभागेत बुडी मारण्याहून अवघड आहे. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही; इथे मात्र दारात उभे राहून, 'मामा, मी तुम्हाला फसविले' असे म्हणायचे. घेणारा परगावचा असेल, सापडतच नसेल, तर? काही जण म्हणतात, तेवढे पैसे अन्नदानाला द्यावेत. आम्हाला ते पुरते पटत नाही, कारण दुसऱ्याच्या पैशाने पुण्य जोडल्यासारखे ते होते. तरी पैसे कनवटीला राहण्यापेक्षा ते बरे. आणि पुढच्या बाजारी दलालाने रुमालाखाली हात धरला की आधी बैलाची खोड सांगावी, मग बोटे मोजावीत.